कव्हरवर कोणतं लोणार? एका कॅलेंडरचं प्रकरण

पतसंस्थेच्या कॅलेंडरकडे कोणी छायाचित्रणाचा नमुना म्हणून पाहत नाही. भिंतीवर खिळा असतो, वर्षभर त्यावर ते लटकतं, दुधाचा हिशेब त्याच्यावर लिहिला जातो आणि डिसेंबरात त्याची वह्यांना कव्हरं होतात. तरीही आपल्याच भागातली ठिकाणं टिपताना जे जे प्रश्न पडतात ते जवळपास सगळे मला एका कॅलेंडरात एकत्र भेटले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

जागा बुलढाणा जिल्ह्यातली, मेहकर-लोणारचा पट्टा. काळ २०२० चा पावसाळा आणि त्यानंतरची दिवाळी. फोटोग्राफर पेशाने शिक्षक, गावात सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तसंच म्हणेन. उल्का आदळून झालेल्या विवरातल्या लोणार सरोवराचे फोटो ते गेली कित्येक वर्षं काढत आहेत, बहुतेक रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये. तिथल्याच एका पतसंस्थेने २०२१ च्या कॅलेंडरासाठी त्यांच्याकडे फोटो मागितले. दरवर्षी देवादिकांची चित्रं छापली जात, यंदा ‘आपला परिसर’ हा विषय ठरला होता. बारा पानं आणि कव्हर. बहुतेक पानं लोणारची, बाकी आसपासची. कव्हरबद्दल अध्यक्षांची अट मात्र एका वाक्यात होती:

“मास्तर, कव्हरले गुलाबी पाणी पाहिजे. हिरवं तं आपण रोजच पाह्यतो.”

या अटीतून जे पुढे झालं तेच हे प्रकरण.

गुलाबी पाण्याची गोष्ट

जून २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी दिसू लागलं. एरवी ते हिरवं असतं. पाणी खारं आणि अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास, त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे हिरवी छटा. लॉकडाऊन होता, घरी बसलेल्या लोकांच्या हातात मोबाइल होते, आणि दोन-तीन दिवसांत लोणारचे फोटो देशभर फिरले. नासाने लँडसॅट-८ उपग्रहाची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली, एक २५ मेचं आणि एक १० जूनचं. पहिल्यात सरोवर हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या संवर्धनाचं प्रकरण आधीपासून होतंच, तिथेही हा विषय गेला. वन विभागाने पाण्याचे नमुने तपासायला दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितलं ते असं: हॅलोआर्किया नावाचे, खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात बाष्पीभवन होऊन पाणी आटलं, खारटपणा वाढला, तापमान चढं होतं, त्यांना हवी ती परिस्थिती मिळाली आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाणी रंगलं.

त्या तपासणीतली एक बाब फोटोग्राफरच्या दृष्टीने फार महत्त्वाची. बाटलीतला नमुना काही काळ हलवल्याशिवाय ठेवला की ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे पाण्याला कायमचा रंग चढलेला नव्हता, रंग पाण्यात तरंगणाऱ्या जिवांचा होता. पाऊस पडून खारटपणा उतरला की तो ओसरणार हे उघड होतं. मास्तरांनी ही बातमी कापून ठेवली होती. अध्यक्षांच्या अटीला उत्तर देताना पुढे तीच कामी आली.

जूनमध्ये मास्तर काठावर गेले होते. विवरातलं अभयारण्य पर्यटकांना बंद, त्यामुळे खाली पाण्यापर्यंत जाण्याचा प्रश्नच नव्हता, जे काढलं ते वरून. त्यांच्याकडे गुलाबी पाण्याच्या फायली भरपूर होत्या. फोटो नाहीत म्हणून ते अडून बसले असं कोणाला वाटू नये म्हणून सांगतो.

काठावरून किती दिसतं

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण लोणारचे नव्याण्णव टक्के फोटो का फसतात ते त्यात आहे.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठापासून पाण्यापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या आत-बाहेर. मधल्या पाण्याचा व्यास ऋतूप्रमाणे बदलतो, साधारण १.२ किलोमीटर धरू. तुम्ही काठावर उभे आहात, म्हणजे विवराचा मध्य तुमच्यापासून ९०० मीटरवर, पाण्याचा अलीकडचा किनारा आडव्या अंतराने ३०० मीटरवर आणि पलीकडचा दीड किलोमीटरवर. या आकड्यांवरून पाण्याच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतचा कोन निघतो ८४ अंशांच्या आसपास. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आडवी धरली तर ७४ अंश पाहते. मोबाइलचा मुख्य कॅमेरा त्याहूनही कमी. म्हणजे साध्या मोबाइलमध्ये सरोवर मावत नाही, दोन्हीकडून कापलं जातं.

मग माणूस काय करतो? मोबाइलची अल्ट्रा-वाइड लेन्स लावतो किंवा १६ मिलिमीटर. आता सरोवर मावतं, पण दुसरीच अडचण येते. काठावरून अलीकडचा किनारा क्षितिजाखाली सुमारे २५ अंशांवर दिसतो आणि पलीकडचा जेमतेम ५ अंशांवर. उभ्या दिशेने सगळं सरोवर वीस अंशांत आटपलं. १६ मिलिमीटरची लेन्स उभ्यात ७४ अंश पाहते. फोटोचा पाव भाग पाणी आणि तीन चतुर्थांश भाग आकाश नि पायाखालची झुडपं. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं जगप्रसिद्ध विवर फोटोत गावतळ्याएवढं दिसतं. मुंबई-पुण्याहून येणारा पाहुणा घरी जाऊन फोटो पाहतो आणि म्हणतो, तिथे तर केवढं मोठं वाटत होतं!

मास्तरांचा उपाय जुना आणि साधा. ५० मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा, ट्रायपॉडवर, डावीकडून उजवीकडे पाच फ्रेम, प्रत्येकीत मागच्या फ्रेमचा तिसरा हिस्सा पुन्हा घ्यायचा. उभी धरलेली ५० ची लेन्स आडव्यात २७ अंश आणि उभ्यात ४० अंश पाहते. पाच फ्रेम जोडल्या की आडवा विस्तार शंभर अंशांच्या जवळ जातो, म्हणजे दोन्ही टोकं मोकळ्या जागेसकट मावतात, आणि उभ्या चाळीस अंशांतले वीस पाण्याचे. सरोवराने अर्धी चौकट भरली! एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) पहिल्या फ्रेमला ठरवून तिथेच अडकवून टाकायचे, नाहीतर जोडांवर पट्टे दिसतात. पोलरायझर फिल्टर (चमक कापणारी काच) काढून ठेवायचा, कारण इतक्या रुंद आकाशात तो एका भागात गडद निळा डाग पाडतो.

आणखी एक खूण त्यांनी मला दाखवली. समोरचा काठ साधारण तुमच्याच उंचीवर आहे, त्यामुळे तो बरोबर डोळ्याच्या पातळीवर, क्षितिजरेषेवर येतो. फोटोत पलीकडचा काठ तिरका दिसला तर कॅमेरा तिरका होता, विवराला दोष देऊ नये.

प्रकाशाचं गणितही याच खोलगट आकारातून येतं. विवराच्या मध्यावर उभं राहिलं तर चारी बाजूंचा काठ साडेनऊ अंश वर असतो. सूर्य तेवढा वर यायला सूर्योदयानंतर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात. पूर्वेकडच्या उताराच्या पायथ्याशी तर दोन तासांनी ऊन पोचतं. ‘पहाटेचा सोनेरी प्रकाश’ घ्यायला जे लोक अंधारात खाली उतरतात ते सावलीत डास मारत बसतात. सोनेरी प्रकाश त्या वेळी वर असतो, पश्चिमेकडच्या उतारावर. लोणार गाव विवराच्या ईशान्येला आहे. गावाकडच्या काठावरून हिवाळ्यात सूर्यास्त नेमका सरोवराच्या पलीकडे नैऋत्येच्या अंगाला होतो, आणि सकाळचं ऊन डाव्या खांद्यामागून येऊन समोरची भिंत उजळवतं. स्पष्टपणा म्हणाल तर पाऊस थांबल्यानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबर. मे महिन्यात दीड-दोन किलोमीटरवरचं सगळं धुळीत आणि झळांत थरथरतं, कितीही महागाची लेन्स लावा.

रंग खरा की फोटोतला

गुलाबी फोटोकडे परत येऊ. काठावरून काढलेल्या मास्तरांच्या जूनच्या फोटोंत पाणी अलीकडच्या किनाऱ्याला ठळक गुलाबी आणि पलीकडे राखाडी-पांढरट दिसत होतं. अध्यक्षांच्या मोबाइलवर फिरत आलेल्या फोटोत मात्र ते काठोकाठ राणी रंगाचं. त्यांना वाटलं, मास्तरांचा कॅमेरा जुना आहे.

कारण कॅमेऱ्यात नव्हतं. पाण्याकडे आपण किती तिरपं पाहतो त्यावर पाण्याचा स्वतःचा रंग दिसणार की आकाशाचं प्रतिबिंब हे ठरतं. सरळ वरून पाहिलं तर पाणी दोनच टक्के प्रकाश परावर्तित करतं, बाकी सगळं आतलं दिसतं. काठावरून अलीकडच्या किनाऱ्याकडे पाहताना परावर्तन दहा टक्क्यांच्या घरात जातं. पलीकडच्या किनाऱ्याकडे, त्या पाच अंशांच्या कोनात, ते निम्म्याहून जास्त होतं. म्हणजे दूरचं पाणी हा अर्धा आरसाच. उपग्रहाला किंवा ड्रोनला संपूर्ण सरोवर गुलाबी दिसतं आणि काठावरच्या माणसाला अर्धंच, दोघंही खोटं बोलत नाहीत. पोलरायझरने अलीकडच्या पाण्यावरची चमक बऱ्यापैकी कापता येते, पलीकडे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दुपारची वेळ रंगासाठी चांगली होती. लोणार २० अक्षांशावर आहे, मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्येही तिथून फार ढळत नाही. असा उभा प्रकाश पाण्यात खोल शिरतो. एरवी निसर्गाचे फोटो दुपारी काढू नयेत असं प्रत्येक वर्गात शिकवतात. इथे उलट करावं लागलं.

मग व्हाइट बॅलन्स. चौकटीचा मोठा भाग एकाच रंगाचा असला की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स त्याला दोष समजून उलट दिशेला ढकलतो. गुलाबी फिकं पडतं. त्यावर मोबाइल पुन्हा ‘सुंदर’ करण्यासाठी रंग चढवतो. एकाच काठावर, एकाच क्षणी, दोन कंपन्यांच्या दोन मोबाइलांनी काढलेले दोन गुलाबी रंग वेगळे असतात. मास्तरांनी रॉ फायली (कॅमेऱ्याने रंगांवर प्रक्रिया न केलेल्या) काढल्या होत्या, व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उन्हाला बांधलेला, आणि प्रत्येक चौकटीत ओळखीच्या रंगाची एखादी वस्तू ठेवली होती: उतारावरचा काळा बेसॉल्ट, किनाऱ्यावरची क्षाराची पांढरट कड, वेड्या बाभळीची पानं. पुढे याच सवयीने निकाल लावला.

एक गोटा

बैठक पतसंस्थेच्या मागच्या खोलीत झाली. मी हजर होतो, चहा घ्यायला म्हणून. टेबलावर दोन प्रिंट. एक मास्तरांचा, जूनमधला, किंचित तपकिरी झाक असलेला गुलाबी. दुसरा अध्यक्षांच्या मोबाइलवरून छापून आणलेला, भडक.

“हे पाहा, याच्यात दम आहे,” अध्यक्ष म्हणाले.

मास्तर वाद घालत नाहीत, शाळेतही नाही. त्यांनी भडक फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “भाऊ, हा गोटा कोणत्या रंगाचा आहे?”

अध्यक्षांनी चष्मा वर केला. गोटा जांभळा होता. सगळ्या फोटोवर रंग चढवल्यामुळे पाण्याबरोबर दगड, चिखल आणि बाभळीच्या काड्याही जांभळ्या झाल्या होत्या.

अध्यक्षांचं आजोळ लोणारचं. लहानपणी ते कमळजा देवीच्या यात्रेला विवरात उतरलेले. थोडा वेळ पाहून म्हणाले, “आपल्या तळ्यातला गोटा जांभळा कधी पाह्यला नाही बा.”

परक्या मुलखातल्या फोटोबद्दल हे वाक्य कोणी म्हणू शकत नाही. आपल्या भागातले फोटो आपल्याच माणसांना दाखवायचे असले की प्रत्येक भिंतीसमोर एक परीक्षक उभा असतो, आणि त्याने तो गोटा पाहिलेला असतो. माझ्या मते कॅलेंडरासाठी हीच कसोटी खरी, स्पर्धेतल्या बक्षिसापेक्षा अवघड. परीक्षक मंडळातल्या कोणाला लोणारचा बेसॉल्ट ठाऊक असतो?

भडक फोटो बाद झाला, तरी कव्हरचा प्रश्न सुटला नव्हता. मास्तरांचा स्वतःचा गुलाबी फोटो खरा होता, मग तो कव्हरवर का नको? त्यांचं म्हणणं असं की कव्हर वर्षभर नाव सांगतं. जूनमध्ये काही आठवडे जे दिसलं ते २०२१ च्या कव्हरवर लावलं तर बाहेरगावचा पाहुणा मार्चमध्ये गुलाबी पाणी शोधत येईल आणि गावकरी त्याला हिरवं दाखवतील. आघारकर संस्थेच्या तपासणीच्या बातमीची कात्रणं त्यांनी पुढे सरकवली. संचालकांपैकी एकाचं मत वेगळं होतं: पाहुणा आला तर चांगलंच, हॉटेलवाल्याचे चार पैसे होतील. हे अगदीच चूक नव्हतं, त्या वर्षी लोणारच्या सगळ्याच धंद्यांचे हाल होते.

तोडगा निघाला तो असा. कव्हरवर पाच फ्रेम जोडून केलेलं, पावसाळ्यानंतरचं हिरवं लोणार. गुलाबी फोटो आत, जूनच्या पानावर, आणि खाली ठळक अक्षरांत ‘जून २०२०’. पानावरचा महिना आणि फोटोतला महिना एकच, त्यामुळे जूनमध्ये लोक पान उलटतील तेव्हा आपोआप विचारतील, यंदा झालं का गुलाबी? अध्यक्षांना ही कल्पना आवडली, कारण ती त्यांनीच सुचवली होती.

बाकीची पानं

जानेवारी आधीच ठरलेला होता. १२ जानेवारी म्हणजे जिजाऊंची जयंती, त्या पानावर सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा, दुसरा पर्याय या जिल्ह्यात संभवत नाही. मेहकरचा शारंगधर बालाजी आणि पैनगंगेचा एक फोटो हेही वादाशिवाय गेले.

दैत्यसूदन मंदिराने वेळ खाल्ला. हे मंदिर लोणार गावात आहे, विष्णूने लवणासुराचा वध केला या कथेशी जोडलेलं. तारकाकृती तळआराखडा, बाहेरून भरगच्च शिल्पं. टाळेबंदीत राज्यातली मंदिरं मार्चपासून बंद होती ती थेट १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली, म्हणजे नवीन फोटो काढणं अशक्य. मास्तरांच्या जुन्या साठ्यातून निवड करायची होती. बाहेरच्या भिंतीचे फोटो त्यांच्याकडे सकाळचे आणि संध्याकाळचे होते, आणि शिल्पांसाठी त्यांनी नेहमी तिरपं ऊन निवडलेलं. समोरून पडणाऱ्या उन्हात मूर्ती सपाट दिसते, भिंतीला घासून जाणाऱ्या उन्हात तिच्या बोटांची सावलीही दिसते. पण त्यांनी निवडलं ते आतलं छत. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते आणि आत अंधार. त्यांची युक्ती: उपरणं चारपदरी घडी करून जमिनीवर, त्यावर कॅमेरा उताणा, दोन सेकंदांचा टायमर, आणि आपण बाजूला व्हायचं. दीड-दोन सेकंदांच्या एक्सपोजरलाही कॅमेरा हलत नाही. छत चौकटीत सरळ येतं, मानही दुखत नाही. मे महिन्यात किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्यकिरण गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात तो फोटोही त्यांच्याकडे आहे, पण चौकटीत निम्मे हात आणि मोबाइलच. तो त्यांनी दिला नाही.

धारेचा फोटो निवडताना वेगळाच विषय निघाला. विवराच्या काठाजवळ गोमुखातून बारमाही पाणी पडतं, तिला धार म्हणतात, आणि लोक तिथे श्रद्धेने आंघोळ करत. मास्तरांच्या जुन्या फोटोंत माणसं आहेत, ओल्या अंगाची, डोळे मिटलेली. फोटो म्हणून ते त्यांच्या साठ्यातले सर्वांत जिवंत. पण हे कॅलेंडर त्याच माणसांच्या, त्यांच्या व्याह्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरात लागणार. परवानगी घेतलेली नव्हती आणि आता शोधून घेणंही शक्य नव्हतं. त्यांनी फक्त गोमुख आणि पाण्याची रेघ असलेला जवळून काढलेला फोटो दिला, पाव सेकंदाच्या शटरचा.

हे योग्यच. तरी इथे माझा मास्तरांशी मतभेद आहे. धारेपुरता नकार समजतो, पण त्यांनी सगळ्याच पानांवरून माणसं काढून टाकली. नवरात्रात कमळजा देवीला उतरणारी रांग, सासू-सुनेच्या विहिरीत वाकून पाहणारी पोरं, गुरांमागे जाणारा म्हातारा, हे सगळं त्यांच्याकडे आहे. पाठमोरे, दुरून काढलेले, कोणाची ओळख न पटणारे फोटो सहज चालले असते. आणि माणूस नसला की विवराचा आकारही कळत नाही. काठावर एक माणूस नखाएवढा उभा केला की दीडशे मीटर खोली न सांगता कळते. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “लोक कॅलेंडरात आधी माणूस शोधतात, मग तळं पाहतच नाहीत.” असेल. मला पटलेलं नाही.

ड्रोनचा विषय फार लांबला नाही. एका संचालकाच्या भाच्याकडे ड्रोन होता. विवराचा आतला भाग २००० सालापासून अभयारण्य आहे, वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे काही उडवता येत नाही, आणि झाडांवर मोरांपासून पाणपक्ष्यांपर्यंत सगळे बसलेले असतात. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने ड्रोन लग्नांपुरता ठेवला.

फोटोखालच्या ओळी लिहिताना मास्तरांनी जी काळजी घेतली ती मला फोटोंइतकीच आवडली. विवराचं वय बहुतेक ठिकाणी ५० हजार वर्षं छापलेलं असतं. आर्गॉन पद्धतीने काढलेलं, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं वय मात्र सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं येतं. त्यांनी वय टाळलं आणि ज्याच्यावर वाद नाही तेवढं लिहिलं: उल्कापाताने झालेलं, बेसॉल्ट खडकातलं, व्यास १.८ किलोमीटर, १९७९ पासून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक. नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या सुमारास, लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं. मजकूर छापखान्यात गेला होता, फोन करून डिसेंबरच्या पानाखाली एक ओळ वाढवली.

छापखाना

पडद्यावरचा रंग आणि शाईतला रंग यांचं जमत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण किती जमत नाही ते पहिला प्रूफ पाहिल्यावर कळतं. गंमत अशी की गुलाबी पान जवळपास जसंच्या तसं आलं. तो रंग मुळात मातकट होता, चार शाईंच्या आवाक्यातला. भडक फोटो दिला असता तर तोच फिका पडला असता, कारण इतका तीव्र राणी रंग ऑफसेटच्या नेहमीच्या शाईंत बसत नाही. बिघडलं ते हिरवं कव्हर. पावसाळ्यानंतरच्या झाडीचे पाच-सहा हिरवे एकात एक मिसळून गेले आणि सावलीतला उतार काळाठिक्कर. मास्तरांनी सावल्या थोड्या उचलल्या, हिरव्यातला पिवळा थोडा वाढवला आणि दुसरा प्रूफ मागवला. तो त्यांनी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहिला नाही, बाहेर ओट्यावर सावलीत नेऊन पाहिला. छापखानावाले हसले, पण थांबले.

मोठ्या मेगापिक्सेलची गरज पडली का, असं मला एकाने विचारलं. १५ बाय २० इंचाच्या पानावर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरलं तर २७ मेगापिक्सेल लागतात. मास्तरांचा कॅमेरा २४ चा, आणि फोटो पानाच्या वरच्या अर्ध्या भागातच. भिंतीवरचं कॅलेंडर हातभर लांबून पाहिलं जातं. काहीही कमी पडलं नाही. जोडलेल्या कव्हरला तर पिक्सेल उरले.

कॅलेंडर डिसेंबरात वाटलं गेलं. तक्रारी आल्या त्या दोनच प्रकारच्या. तिथी बारीक छापल्या आहेत ही पहिली, आणि ती रास्त होती. दुसरी लोणारच्याच एका खातेदाराची: कव्हरवर जिथून फोटो घेतला आहे तिथून त्याचं शेत दिसायला हवं होतं, ते उजवीकडे कापलं गेलं. मास्तरांनी मूळ फायली उघडून पाहिल्या. जास्तीच्या सहाव्या फ्रेममध्ये ते शेत होतं, पण ती फ्रेम त्यांनी जोडलीच नव्हती. त्या माणसाला त्यांनी वेगळा प्रिंट करून दिला, त्याच्या खर्चाने.

२०२२ साठी पतसंस्थेने पुन्हा देव छापले. मास्तर अजून त्याच काठावर जातात, त्याच दगडाशेजारी ट्रायपॉड लावतात, तीच ५० ची लेन्स, आणि फाइलला नाव म्हणून नुसती तारीख देतात.